आधी राखाडी शाया मोजा: ब्लॅक अँड व्हाइट फोटोंसाठी इंकजेट प्रिंटर घेताना

रंगीत फोटो बरा छापणारा इंकजेट आज कुठल्याही दुकानात मिळतो. ब्लॅक अँड व्हाइटची गोष्ट वेगळी. साडीचा निळा प्रिंटमध्ये जरा इकडचा तिकडे झाला, तर जिने ती साडी नेसली होती तिच्याही ते ध्यानात येत नाही, कारण शेजारी मूळ साडी ठेवलेली नसते. राखाडीला ही सवलत नाही. तिथे हिरव्याची पुसटशी झाक आली, तरी फोटोग्राफीतलं ओ की ठो न कळणारा पाहुणासुद्धा विचारतो, "हा असा हिरवट का दिसतोय?"

प्रिंटर घ्यायला निघालेला माणूस डीपीआय (इंचाला थेंब) किती, रंग किती, वायफाय आहे का, असे प्रश्न घेऊन जातो. कृष्णधवल प्रिंटसाठी त्यांतला एकही प्रश्न पहिला नाही. पहिला प्रश्न असा: या प्रिंटरमध्ये काळ्याखेरीज राखाडी शाया किती आहेत? एक, दोन, की एकही नाही?

हे एवढं महत्त्वाचं का, ते एका फोटोवरून बघू. जुलैची दुपार, वरळी सी फेस. आभाळ आणि समुद्र यांच्यातली रेघ पुसली गेलीय, सगळं फिकट राखाडी. कठड्याला टेकून एक माणूस उभा आहे, डोक्यावर काळी छत्री, अंगात काळा रेनकोट. छत्रीच्या कापडावर पाण्याची चमक आहे, रेनकोटच्या घड्या दिसताहेत. फोटो चांगला आहे, पण प्रिंटरच्या दृष्टीने छळवादी. वरच्या दोन तृतीयांश भागात सगळा खेळ फिकट राखाडीच्या बारीक फरकांचा, आणि खालच्या कोपऱ्यात काळ्यावर काळं.

राखाडी येते कुठून

प्रिंटर कागदावर शाईचे थेंब टाकतो. थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. फोटो प्रिंटरचे थेंब दीड ते चार पिकोलिटरच्या आसपास असतात. थेंब इतका बारीक असला तरी त्याला स्वतःचा फिकेपणा नसतो. काळ्या शाईचा थेंब काळाच पडतो. मग फिकट राखाडी दाखवायची तर थेंब लांब लांब टाकायचे आणि मधला पांढरा कागद डोळ्याने त्यात मिसळून घ्यायचा, एवढाच मार्ग उरतो.

पांढऱ्या ताटात मोहरीचे चार दाणे सांडले तर ते लगेच वेगवेगळे दिसतात. तेवढीच खसखस सांडली तर नजरेला नुसता धुरकटपणा जाणवतो. वरळीचं आभाळ फक्त काळ्या शाईत छापलं की ताटात मोहरी पडते. आभाळ दाणेदार दिसतं, गालावरचा उजेड दाणेदार दिसतो.

हे होऊ नये म्हणून एकच काळी शाई असलेले बहुतेक प्रिंटर फोटो छापताना फिकट आणि मधल्या राखाडीसाठी काळ्याला फारसा हातच लावत नाहीत. सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा तोलून मापून एकत्र टाकतात आणि त्यांच्या बेरजेतून राखाडी उभी करतात. दाणे जातात, पण त्या जागी वेगळं दुखणं येतं. तीन रंगांचा तोल केसभर ढळला तरी राखाडीला झाक येते. कागद बदलला, शाईची नवी बाटली भरली, प्रिंट हेडची एखादी नोझल, म्हणजे शाई सोडणारं बारीक छिद्र, बंद पडली, की तोल गेलाच. रंगीत फोटोत हे खपून जातं.

आता यातच काळ्याचीच पातळ केलेली एक शाई भरा, म्हणजे ग्रे, आणि तिच्याहून पातळ अशी आणखी एक, म्हणजे लाइट ग्रे. आता फिकट आभाळासाठी थेंब जवळजवळ टाकता येतात, दाणा दिसत नाही, आणि रंगीत शायांवर भार टाकावा लागत नाही. रंग लागतोच, पण चिमूटभर; तोही कशासाठी ते पुढे येईल.

दुकानात ठीक, घरी हिरवा

तीन रंगांतून बनवलेल्या राखाडीचं आणखी एक दुखणं आहे आणि ते दुकानात कधीच दिसत नाही. प्रिंट तिथल्या दिव्याखाली अगदी तटस्थ राखाडी असते. घरी आणून खिडकीपाशी धरली की हिरवट, रात्री पिवळ्या दिव्याखाली गुलाबीसर. शाई तीच, कागद तोच. याला फोटोवाले मेटामेरिझम म्हणतात.

कारण साधं आहे. सायन, मॅजेंटा, पिवळा या प्रत्येक शाईचा स्वभाव असा, की प्रकाशातले काही रंग गिळायचे आणि काही परत पाठवायचे. तिघींची बेरीज एका ठरावीक उजेडात बरोबर राखाडी येते. उजेड बदलला, म्हणजे त्यातल्या रंगांचं प्रमाण बदललं, की बेरीज चुकते. काळ्या शाईतला कार्बन मात्र दिसणाऱ्या प्रकाशातला प्रत्येक रंग जवळपास सारखाच गिळतो. म्हणून कार्बनवर उभी असलेली राखाडी ट्यूबखाली, उन्हात आणि गॅलरीच्या स्पॉटलाइटखाली बरीचशी सारखी दिसते.

प्रिंटर बनवणाऱ्यांना हा धडा शिकायला वेळ लागला. एप्सनने २००० साली स्टायलस फोटो २०००पी हा पिग्मेंट शाईचा (रंगाचे कण असलेल्या शाईचा) प्रिंटर आणला. प्रिंट टिकाऊ होत्या, पण दिवसाच्या उजेडात हिरवट दिसतात म्हणून तो बदनाम झाला. पुढच्या पिढीत, २००२ मध्ये, एक पातळ काळी शाई आली. २००५ मध्ये आर२४०० मध्ये आणखी पातळ तिसरी आली आणि सोबत ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ब्लॅक अँड व्हाइटसाठी वेगळा मोडही आला. घरच्या टेबलावर डार्करूमच्या तोडीची कृष्णधवल प्रिंट निघू लागली ती तेव्हापासून, असं माझं मत आहे. त्यानंतर सुधारणा पुष्कळ झाल्या, पण तेवढी मोठी उडी पुन्हा झाली नाही.

मुंबईच्या घरांत या दुखण्याला मोकळं रान आहे. हॉलमध्ये निळसर पांढरी ट्यूब, बेडरूममध्ये पिवळा एलईडी, बाल्कनीतून समुद्राकडचा उजेड, आणि फोटो लावायचा तो बहुधा या तिन्हींच्या मध्ये असलेल्या पॅसेजमध्ये. प्रदर्शन करणाऱ्याची तर आणखी पंचाईत. घरी ट्यूबखाली पास केलेल्या प्रिंट गॅलरीत पिवळसर स्पॉटलाइटखाली टांगल्यावर वेगळ्याच निघतात, आणि तेव्हा उद्घाटनाला तासभर उरलेला असतो.

आता मोजू

स्टुडिओंमध्ये आणि घराघरांत सर्रास दिसणारे एप्सनचे सहा रंगांचे टँकवाले प्रिंटर घ्या: एल८०५, एल१८००, आणि त्यांच्यानंतरचे एल८०५० व एल१८०५०. सहा रंग म्हणजे काळा, सायन, मॅजेंटा, पिवळा, फिका सायन आणि फिका मॅजेंटा. राखाडी शाई शून्य. लग्नाचे रंगीत फोटो आणि पासपोर्ट साइजसाठी हे घोडे उत्तम आहेत, छपाई स्वस्त पडते. ब्लॅक अँड व्हाइटला मात्र वर सांगितलेली दोन्ही दुखणी त्यांच्यात आहेत. कागदाचं खास प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात ते प्रिंटरला सांगणारी फाइल) बनवून घेतलं तर झाक बरीच आटोक्यात येते, पण उजेड बदलला की ती पुन्हा डोकं वर काढणारच.

कॅननचे जी५७० आणि जी६७० हेही टँकवाले आणि सहा रंगांचेच, पण त्यांनी फिके रंग सोडून लाल आणि राखाडी घेतली. म्हणजे काळा अधिक एक ग्रे. ए४ पर्यंतच छापतात, शाई डाय (विरघळलेल्या रंगाची) आहे, तरी कमी पैशांत ब्लॅक अँड व्हाइट शिकायचं असेल तर सहा फिक्या-गडद रंगांपेक्षा हा हिशोब मला शहाणपणाचा वाटतो. एप्सनच्या एल८१८० मध्येही राखाडी शाई आहे आणि तो ए३ प्लसपर्यंत जातो.

याच्या वर खरे फोटो प्रिंटर सुरू होतात आणि इथे एक गंमत आहे. कॅननचा प्रो-२०० आणि प्रो-३०० हे दोघे तेरा इंची (एवढ्या रुंदीचा कागद घेणारे), एकाच वर्षी आलेले भाऊ. ३०० मोठा, शायाही जास्त: दहा विरुद्ध आठ. पण प्रो-३०० मध्ये ग्रे एकच आहे. प्रो-२०० मध्ये काळा, ग्रे आणि लाइट ग्रे अशी पूर्ण तिकडी आहे. फिकट आभाळाची नितळाई एवढंच बघायचं तर धाकटा भाऊ पुढे जातो. मग ३०० का घ्यायचा? शाईच्या जातीमुळे. त्यावर आपण येतोच आहोत.

एप्सनचे पी७०० (तेरा इंची) आणि पी९०० (सतरा इंची) यांत दहा शाया आहेत. त्यांत ग्लॉसी म्हणजे चकचकीत कागदासाठी फोटो ब्लॅक, मॅट म्हणजे बिनचमकीच्या कागदासाठी मॅट ब्लॅक, शिवाय ग्रे आणि लाइट ग्रे. एका प्रिंटला तीन पायऱ्या मिळतात. कॅननच्या सतरा इंची प्रो-१००० मध्ये बारा टाक्या आहेत आणि काळ्याचा हिशोब तसाच: दोन काळे, दोन राखाडी. या प्रिंटरची नवी आवृत्ती प्रो-११००.

डीपीआयचं भूतही इथेच उतरवून टाकू. एल८०५ च्या खोक्यावर ५७६० × १४४० लिहिलेलं असतं. प्रो-१००० चा आकडा २४०० × १२०० आहे. पहिला घरगुती, दुसरा गॅलरीच्या कामाचा. आकडा फक्त थेंब किती जवळ टाकता येतो ते सांगतो, आणि दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. फोटोच्या फाइलला इंचाला ३०० पिक्सेल पुरतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून निघालेली ६००० × ४००० ची फाइल त्या हिशोबाने वीस इंच रुंद छापता येते, म्हणजे ए३ प्लसचा १३ × १९ चा कागद सहज भरतो.

डाय की पिग्मेंट

डाय शाई पाण्यात साखरेसारखी विरघळलेली नसून रंगाचे कण त्यात तरंगत असतात, असं बरेच जण सांगतात. ते उलटं आहे. डाय विरघळलेलीच असते; पिग्मेंटमध्ये कण तरंगतात. डाय कागदाच्या लेपात मुरते, पिग्मेंटचे कण लेपाच्या पृष्ठभागाशी बसतात. पुढचे सगळे फरक यातून निघतात.

डाय मुरत असल्यामुळे ग्लॉसी कागदाची चमक अखंड राहते आणि काळा खोल दिसतो. पिग्मेंटची प्रिंट तिरकी धरली तर गडद भागाची चमक वेगळी, कोऱ्या कागदाची वेगळी, असं दिसू शकतं. कधीकधी काळ्यावर तांब्यासारखी झळाळी येते, तिला ब्राँझिंग म्हणतात. रंगीत फोटोत ती लपते, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये अजिबात लपत नाही. प्रो-३०० आणि प्रो-१००० मध्ये क्रोमा ऑप्टिमायझर नावाची एक रंगहीन शाई असते ती यासाठीच, सगळीकडे सारखी चमक आणण्यासाठी. काचेच्या फ्रेममध्ये गेल्यावर हा प्रश्न बराचसा मिटतो.

टिकण्याच्या बाबतीत पिग्मेंट सरळ पुढे आहे. ऊन आणि हवेतला ओझोन हे डायचे दोन शत्रू. उघडी, बिनकाचेची डाय प्रिंट खिडकीसमोर लावली तर तिचा रंग उडताना दिसतो, आणि सगळ्या शाया एकाच वेगाने उडत नसल्यामुळे राखाडी प्रिंट उडता उडता रंगीत होत जाते. काचेमागे, उन्हापासून लांब ठेवली तर डाय प्रिंटही बरीच वर्षं चांगली राहते. पिग्मेंटच्या काळ्यात कार्बन असतो, आणि कार्बन उजेडाला दाद देत नाही. जुन्या पोथ्यांतली शाई काजळाची, म्हणजे कार्बनचीच. कागद पिवळा पडून तुकडे होऊ लागतो तरी अक्षर काळंच असतं.

वर चिमूटभर रंगाचा उल्लेख केला तो इथे जुळतो. कार्बन शाई पातळ केली की ती किंचित तपकिरी, उबदार दिसते. तो तपकिरीपणा मारून राखाडी तटस्थ करायला प्रिंटर थोडा सायन, थोडा मॅजेंटा घालतो. एप्सनच्या अडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये आणि कॅननच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटो मोडमध्ये ही चिमूट किती हवी ते ठरवता येतं: तटस्थ, थंड, उबदार. तिला शून्य करण्याचा हट्ट धरू नये. आधार कार्बनचा असला की एवढ्याशा रंगाने उजेड बदलल्याचा त्रास फार होत नाही.

माझा कौल असा: प्रिंट विकायची असेल, प्रदर्शनात लावायची असेल किंवा आजीचा स्कॅन केलेला फोटो नातवंडांना द्यायचा असेल तर पिग्मेंट. फोटो क्लबच्या स्पर्धेत पाठवायच्या, अल्बममध्ये ठेवायच्या, स्वतःच्या हौसेच्या ग्लॉसी प्रिंट काढायच्या असतील तर प्रो-२०० सारख्या डाय प्रिंटरला नाकं मुरडायचं कारण नाही.

रेनकोटच्या घड्या कागद ठरवतो

आतापर्यंत वरळीच्या आभाळाचं झालं. छत्री आणि रेनकोट राहिले. काळ्यावरचं काळं दिसायचं तर प्रिंटमधला सगळ्यात गडद काळा खरोखर गडद हवा, म्हणजे त्याच्या आणि राखाडीच्या मध्ये पायऱ्यांना जागा राहते. हे घनतेच्या आकड्यात मोजतात. घनता २ म्हणजे पडलेल्या उजेडातला एक टक्का परत येतो. चांगल्या मॅट कागदावर मॅट ब्लॅक शाईने १.६ ते १.७ मिळतं, म्हणजे दोन-अडीच टक्के उजेड परत. बरायटा (त्याबद्दल लगेच पुढे) किंवा ग्लॉसी कागदावर फोटो ब्लॅकने आकडा २.३ च्या पुढे जातो, अर्धा टक्काच परत. डार्करूममधल्या ग्लॉसी सिल्व्हर प्रिंटचा काळा साधारण २.१-२.२ असायचा. म्हणजे काळेपणात इंकजेटने डार्करूमला केव्हाच गाठलं आहे.

म्हणून मॅट वाईट असं नव्हे. फिकट, धुक्याचे, पावसाळी फोटो मॅट कॉटन कागदावर फार सुंदर उतरतात. बोटांना कागद लागतो, चमक आड येत नाही. हानेम्युलेचा फोटो रॅग हा ३०८ जीएसएमचा (चौरस मीटरला ३०८ ग्रॅम) कागद त्यासाठीच नावाजलेला आहे. पण रेनकोटच्या घड्यांसाठी मी बरायटा घेईन.

बरायटाचा मूळ अर्थ कागदावरचा बेरियम सल्फेटचा पांढरा थर. डार्करूमच्या फायबर कागदावर तो असायचा, आणि इंकजेटचा बरायटाही हातात घेतल्यावर तीच आठवण देतो. शिवाय कागदाचा पांढरेपणा कुठून येतो तेही बघावं. भडक पांढऱ्या कागदांत ब्राइटनर घातलेले असतात. ते अतिनील किरण घेऊन निळसर उजेड देतात, म्हणून खिडकीत कागद थंड पांढरा दिसतो आणि एलईडीखाली पिवळट. प्रिंटर कितीही महागडा आणा, उजेडानुसार झाक बदलण्याचं हे कारण शिल्लक राहतंच. टिकाऊ काम असेल तर ब्राइटनर नसलेला कागद मागावा.

बाजारात रीमवर मिळणारा स्वस्त १८० जीएसएमचा हाय ग्लॉसी कागद डाय शाईसाठी बनवलेला असतो. त्यातल्या बऱ्याच कागदांवर पिग्मेंट बसत नाही. सुकल्यावरही बोट फिरवलं की काळं निघून येतं. पिग्मेंट प्रिंटर घेतला की हा कागद घरातल्या मुलांच्या प्रोजेक्टला द्यावा.

एप्सनच्या जुन्या प्रिंटरमध्ये, अगदी पी८०० पर्यंत, फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक एकाच नोझलमधून जायचे. कागद बदलला की शाई बदलायची, आणि दर बदलाला आधीची शाई नळीतून काढून टाकायची. पी७०० आणि पी९०० मध्ये दोघांना वेगळ्या नोझल मिळाल्या. सेकंडहँड पी८०० स्वस्तात मिळत असेल आणि तुम्हाला दोन्ही जातींच्या कागदांवर छापायचं असेल, तर ही बारकी गोष्ट विसरू नका.

पाऊस, आर्द्रता आणि चोक झालेलं हेड

मुंबईत जून ते सप्टेंबर हवा कागदासाठी वाईट. उघड्या पाकिटातला कॉटन कागद ओलावा ओढतो, कडा लाटेसारख्या उचलतात, आणि उचललेली कड प्रिंट हेडला घासली की कागदावर काळा फराटा. शिवाय ओलसर कागदावर शाई उशिरा सुकते. अनेक प्रिंटर चालवण्यासाठी सांगितलेली आर्द्रतेची मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास असते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा ती सर्रास ओलांडते.

उपाय घरगुती आहेत. कागद मूळ पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेल. लागतील तेवढेच कागद बाहेर. छापण्याआधी तासभर खोलीतला एसी ड्राय मोडवर. छापल्यावर प्रिंट लगेच फ्रेममध्ये घालू नये. शाईतले द्रव हळूहळू बाहेर येतात आणि घाई केली तर काचेच्या आतून धूसर थर बसतो. प्रिंटवर साधा कोरा कागद ठेवून दिवसभर सोडावं, पावसाळ्यात आणखी एक दिवस.

हेड चोक होण्याची भीती सगळ्यांना असते. दमट हवेत शाई नोझलवर कमी वाळते, तेवढा आपल्या हवेचा फायदा. पण महिनाभर गावाला गेलात आणि प्रिंटर बंद पडून राहिला तर दमट हवाही वाचवत नाही. त्यातून रस्त्याची धूळ आहेच. आठवड्याला एक छोटी प्रिंट, सगळ्या शाया वापरणारी, हा त्यावरचा खरा इलाज. प्रिंटर बंद करताना त्याचं स्वतःचं बटण वापरावं. तेव्हा हेड झाकणाखाली जाऊन बसतं. भिंतीवरचा स्विच खटकन बंद केला तर ते उघडं राहू शकतं.

परवडतं का

प्रिंटरची किंमत बघून थांबू नका, शाईची मिलिलिटरमागे किंमत काढा. प्रो-३०० ची टाकी १४.४ मिलिलिटरची, पी७०० ची २५, पी९०० ची ५०, प्रो-१००० ची ८०. एल८०५ ची बाटली ७० मिलिलिटरची आणि या सगळ्यांच्या तुलनेत कवडीमोल. छोट्या टाक्यांचा प्रिंटर घेताना स्वस्त वाटतो, मग दर थोड्या दिवसांनी दहातली एक टाकी संपते आणि एकीला पर्याय म्हणून दुसरी चालत नाही. शिवाय प्रिंटर स्वतःच्या साफसफाईला शाई वापरतो. ती कागदावर न जाता मेंटेनन्स बॉक्समध्ये जाते. कमी छापणाऱ्याची बरीच शाई अशीच गटारात जाते म्हणा ना.

जागेचा हिशोब वेगळा. प्रो-१००० चं वजन ३२ किलो, रुंदी सव्वादोन फुटांहून जास्त. दोघांनी धरूनच उचलायचा. वन बीएचकेत तो आला की घरातलं एक टेबल कायमचं गेलं. पी९०० साधारण १५ किलोचा, दोन्ही सतरा इंचीच. मुंबईकराने हा फरक शायांच्या फरकाइतकाच गांभीर्याने घ्यावा.

लोकल इंक घालावी का, हा प्रश्न येणारच. रंगीत कामाला घालतात आणि धंदा चालतो. पण ब्लॅक अँड व्हाइट मोडमधले सगळे हिशोब मूळ शाईच्या घनतेवर बांधलेले असतात. ग्रे शाई थोडी जास्त गडद निघाली की सगळे मिडटोन, म्हणजे मधल्या राखाडी छटा, बुडतात आणि झाकही येते. एवढा खर्च राखाडीसाठी करून तिथेच काटकसर केली तर सहा रंगांचा टँकवालाच काय वाईट होता?

आणि खरं सांगायचं तर महिन्याला चार-दोन प्रिंट काढणाऱ्याने प्रिंटर घेऊच नये. पिग्मेंट शाई आणि चांगले कागद ठेवणारे प्रिंटिंग स्टुडिओ मुंबईत आहेत. त्यांच्याकडे प्रिंटर रोज चालतो, म्हणून हेड मोकळं असतं. फक्त त्यांना विचारावं की फाइल ब्लॅक अँड व्हाइट मोडमधून छापणार की रंगीत प्रोफाइलमधून. उत्तर ऐकून अर्ध्या गोष्टी कळतात.

विकत घेण्याआधीची चाचणी

लॅमिंग्टन रोडला किंवा फोर्टात बोरा बझारला जाताना पेन ड्राइव्हवर दोन फाइली न्या. दुकानदाराचा डेमो फोटो पोपटांचा किंवा फुलांचा असतो, तो आपल्या कामाचा नाही. पहिली फाइल राखाडीची पट्टी: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ चौकोन, प्रत्येक पाच टक्क्यांनी गडद. दुसरी तुमच्या स्वतःच्या फोटोची, ज्यात फिकट आभाळही आहे आणि काळ्यातलं काळंही.

पट्टी छापून आली की आधी ९० टक्क्यांच्या पुढचे चौकोन बघा. ९५ आणि १०० वेगळे दिसतात का? मग दुसऱ्या टोकाला, ५ टक्क्यांचा चौकोन कागदापासून वेगळा कळतो का, आणि जवळून पाहिल्यावर त्यात दाणे दिसतात का? त्यानंतर पट्टी घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर या. मधले चौकोन, ४० ते ६० टक्के, दिवसाच्या उजेडात बघा आणि आत येऊन दिव्याखाली बघा. एखाद्याच चौकोनाला झाक असेल तर प्रोफाइलने सुटेल. सगळी पट्टी उजेडासोबत रंग बदलत असेल तर शायांचाच दोष आहे, तो कुठल्या सेटिंगने जाणार नाही.

फोटो मात्र लगेच काळोखा आला म्हणून प्रिंटरला शिव्या देऊ नका. बहुतेक वेळा लॅपटॉपचा स्क्रीन फार उजळ ठेवलेला असतो. स्क्रीनचा उजळपणा शंभर निट्सच्या (निट हे उजळपणा मोजायचं एकक) आसपास आणून फाइल पुन्हा बघा, छत्री तिथेही बुडालेली दिसेल.

सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्यासमोर नोझल चेक काढा. प्रत्येक शाईच्या बारीक रेघांची जाळी येते. एखाद-दुसरी रेघ तुटली तर एक क्लीनिंग करायला सांगा आणि पुन्हा काढा. तुटलेली रेघ त्याच जागी तुटलेली राहिली तर ती नोझल बहुधा गेली. फिकट राखाडीची जाळी पांढऱ्या कागदावर जेमतेम दिसते, म्हणून ती मोबाइलच्या टॉर्चखाली तपासा. विकणारा काळ्या रेघा दाखवून कागद घडी घालून ठेवायच्या घाईत असतो, आणि तुम्ही पैसे मोजताय ते त्या न दिसणाऱ्या रेघांसाठी.